कलिंगडाची परीक्षा आणि वालुकाश्माचा मुलूख

पुण्यातील प्रस्तरारोहणाचा, म्हणजे हातापायांच्या बळावर उभा कातळ चढून जाण्याच्या छंदाचा, इतिहास सह्याद्रीच्या कड्यांपासून सुरू करण्याचा प्रघात असला, तरी या विद्येचे प्राथमिक शिक्षण शुक्रवार पेठेतल्या महात्मा फुले मंडईत पार पडते, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पुणेकर मूल चालू लागले की आईच्या पिशवीचा एक बंद हातात देऊन त्याला मंडईत नेले जाते आणि तेथे ते पहिला धडा शिकते तो असा, की समोर मांडलेली कोणतीही वस्तू दिसते तशी असेलच याची शाश्वती नसते. सबब वांगे देठाशी निरखावे, भेंडीचे टोक मोडून पाहावे, नारळ कानाशी हलवावा आणि कलिंगडावर टिचकी मारून आतला आवाज ऐकल्याखेरीज त्याच्याविषयी मत बनवू नये. विक्रेत्याचा या संशोधनाला विरोध असतो आणि तो ‘दाबू नका’ एवढ्या मोजक्या शब्दांत व्यक्तही होतो. परंतु विरोधाकडे दुर्लक्ष करून परीक्षा तडीस नेणे हा अभ्यासक्रमाचाच एक भाग मानला जातो. एवढी तयारी झालेला विद्यार्थी पुढे विशीत एखाद्या गिर्यारोहण संस्थेत दाखल होतो तेव्हा त्याला शिकवण्यासारखे फारसे उरलेले नसते, असा दावा येथे मांडायचा आहे. आणि हाच विद्यार्थी वालुकाश्माच्या मुलखात शिरल्यावर तो दावा कसा ढासळतो, तेही पाहायचे आहे.

ज्या इमारतीत हे शिक्षण दिले जाते ती स्वतः दगडाचीच आहे. अष्टकोनी मनोऱ्याची आणि गॉथिक वळणाची, म्हणजे टोकदार कमानी व निमुळती छपरे ही जिची खूण त्या युरोपीय शैलीची, ही वास्तू १८८६ मध्ये खुली झाली आणि मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले जाऊ लागले. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, कारण हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. आणि १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला त्याच फुल्यांचे नाव देण्यात आले. आरोहणाच्या जगात एखादा मार्ग जो सर्वप्रथम चढून जाईल त्याने त्याचे नाव ठेवावे असा संकेत सर्वत्र पाळला जातो. पुण्याने त्यात मोलाची भर घातली ती अशी, की ज्याने मार्ग काढण्यालाच सकारण आक्षेप घेतला त्याचे नाव अधिक टिकते. जुने पुणेकर येथील राजकीय गप्पांच्या अड्ड्याला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणत असत, ते काही उगाच नव्हे. आक्षेप हा ज्ञानाचा आरंभ आहे, ही भूमिका फार थोड्या विद्यापीठांनी इतक्या निष्ठेने जपली असेल.

पुण्याच्या आसपासचा कातळ या भूमिकेला सर्वस्वी अनुकूल आहे. तो बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस थिजून तयार झालेल्या काळ्या खडकाचा आहे, आणि हे लाव्हाचे थर एकावर एक साचत गेल्यामुळे सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे पट्टे उमटलेले दिसतात. टणक थर उभा राहतो, दोन थरांमधला मऊ भाग झिजतो आणि तेथे गवत, माती व घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी बारीक खडी, आपले बस्तान बसवतात. तैलबैल्याच्या जुळ्या भिंती असोत, जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका असो की खंडाळ्याजवळची ‘ड्यूक्स नोज’ या नावाने ओळखली जाणारी नागफणी असो, येथे चढणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की पकड, म्हणजे बोटे अडकवण्याजोगा उंचवटा किंवा खाच, दिसली म्हणून लगेच तिच्यावर भार टाकू नये. आधी तळहाताने ठोकावे आणि कान द्यावा. आवाज भरीव आला तर पकड घ्यावी, पोकळ आला तर तो दगड मागच्या भिंतीपासून सुटलेला आहे असे समजून हात काढून घ्यावा आणि तरीही तो निसटलाच तर खालच्या मंडळींसाठी ‘दगड!’ अशी आरोळी ठोकावी. कलिंगडाच्या परीक्षेशी या पद्धतीचे साम्य इतके आहे, की एका जागचे प्रमाणपत्र दुसऱ्या जागी चालावे. फरक एवढाच, की मंडईत चुकीच्या निदानाची शिक्षा जेवणाच्या वेळी मिळते आणि कड्यावर ती थोडी आधी मिळते.

या संदर्भात सिंहगडाचा उल्लेख टाळणे पुण्यात शक्य नाही. १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कडा चढून गडावर पोहोचले. लोककथेने या मोहिमेत यशवंती नावाच्या घोरपडीलाही सामील करून घेतले असून तिच्या कमरेला दोर बांधून तिला वर सोडल्याचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. इतिहासकारांनी या घोरपडीचे सभासदत्व केव्हाच रद्द केलेले आहे. आरोहकांचे मत मात्र अधिक व्यवहारी आहे, आणि ते असे की जिच्यावर दोराचा भार द्यायचा ती घोरपड ठोकून पाहण्याची सोय नसल्यामुळे अनुभवी मावळ्याने ती स्वीकारली नसती.

आता ज्या खडकाकडे हे विवेचन वळते तो वालुकाश्म जन्मानेच निराळा आहे. नदीकाठी, वाळवंटात किंवा उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू वरच्या भाराने दाबली जाते, तिच्या कणांच्या मधल्या पोकळीत सिलिका, चुना, लोह किंवा चिकणमाती शिरून ती कण एकमेकांना चिकटवते आणि कोट्यवधी वर्षांनी त्या वाळूचा दगड होतो. बेसाल्ट हा एकसंध थिजलेला खडक. वालुकाश्म ही असंख्य कणांची सहकारी संस्था, आणि तिची ताकद कण किती कठीण आहेत यापेक्षा त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ कोणता यावर ठरते. कातळ चढणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे घर्षण: पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत असल्यामुळे बोटांना धरायला काहीही नसतानाही तळवा आणि बुटाचा रबरी तळ चिकटून राहतो. येथे पुणेकराची पहिली पंचाईत होते. आयुष्यभर ‘यात धरण्यासारखे काय आहे ते आधी दाखवा’ असे विचारत आलेल्या माणसाला गोल, कसलीच कड नसलेल्या उतारावर केवळ तळवा टेकवून ‘आता वजन टाक’ असे सांगितले जाते, आणि त्याच्या चेहऱ्यावर अनोळखी दुकानात उधारी मागितली गेल्यासारखे भाव उमटतात.

या खडकाचे जगातले सर्वांत जुने नावाजलेले आखाडे जंगलांतच आहेत. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या अरण्यात सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी वाळूपासून बनलेल्या शिळा झाडांत विखुरलेल्या आहेत, आणि तेथील हौशी मंडळींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बोल्डरिंगचा, म्हणजे दोर न वापरता उडी मारता येईल इतक्याच उंचीच्या शिळांवर मोजक्या पण अवघड चाली करण्याचा, संसार तेथे मांडला. १९४७ पासून या शिळांवर रंगीत बाण काढून एकामागून एक चढायच्या शिळांची वर्तुळे आखली गेली. बुटाला चिकटलेली रेती खडकावर घासली गेली की तो झिजून गुळगुळीत होतो, म्हणून शिळेवर पाय ठेवण्यापूर्वी बूट पुसण्याचा नियम तेथे कसोशीने पाळला जातो आणि त्यासाठी पायपुसण्याचा तुकडा सोबत बाळगला जातो. ‘कृपया पाय पुसून यावे’ ही पाटी दारावर लावून मोठी झालेली जमात फोंतेनब्लोला पोहोचली तर तिला परदेशात आल्याची जाणीव व्हायला बराच वेळ लागेल. जर्मनीतील एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर तर नियम याहून कडक आहेत: फटीत धातूची पाचर बसवायची नाही, हाताला पांढरी पावडर लावायची नाही, दोरीच्या गाठी फटीत अडकवून काय संरक्षण मिळेल तेवढ्यावर भागवायचे आणि पाऊस पडून गेल्यावर खडकाला हात लावायचा नाही. निषिद्ध गोष्टींची इतकी तपशीलवार यादी पुण्याबाहेर, आणि तीही दुपारी एक ते चारच्या उल्लेखाविना, सिद्ध होऊ शकते हे मान्य करावे लागते.

पांढरी पावडर म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम टिपून पकड कोरडी ठेवण्यासाठी जिम्नॅस्ट ती वापरत असत आणि १९५० च्या दशकात जॉन गिल या अमेरिकी आरोहकाने ती कातळावर आणली. गिल पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. ही माहिती सदाशिव पेठेतील घरांत आवर्जून सांगितली जाते, कारण ‘दगडावर चढून काय मिळते’ या प्रश्नाला ‘गणिताची प्राध्यापकी’ याहून समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही. त्यानंतरचे उत्तर २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला तेव्हा मिळाले. परंतु ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा आणि आत्याबाई दर रविवारी, असे हे व्यस्त प्रमाण असल्यामुळे ते फार काळ पुरले नाही.

साहित्याची जमवाजमव हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. जुन्या पिढीचा आरोहक दोरासाठी रविवार पेठेतल्या बोहरी आळीपर्यंत जाऊन चौकशी तरी करीत असे, आणि तेथे दोन शास्त्रांचा संघर्ष उभा राही. आरोहणाचा दोर ‘डायनॅमिक’ असावा लागतो, म्हणजे चढणारा पडला की तो थोडा ताणला जाऊन धक्का शोषून घेतो. न ताणणारा दोर माणसाला वाचवतो खरा, पण मणक्याचा हिशेब चुकता करून. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र ताणला जाणारा दोर हा निकृष्ट माल, आणि असा माल आपल्या दुकानात गेल्या तीन पिढ्यांत आलेला नाही, हे तो अभिमानाने सांगतो. नव्या पिढीचे ओझे वेगळे आहे. तिच्या पाठीवर क्रॅश पॅड असतो, म्हणजे बोल्डरिंग करताना खाली अंथरायची फोमची जाड, घडीची गादी, जिला खांद्यावर घेण्यासाठी पट्टे असतात आणि जी माणसामागून पाहिली असता तिला खालून पाय फुटल्याचा भास होतो. ही गादी पाठीला लावून मंडईच्या गर्दीत काकडी, लिंबू आणि शेंगदाणे घ्यायला निघालेल्या तरुणाला वळताना आपल्या मागे काय काय वळते याची कल्पना नसते. टोमॅटोच्या ढिगाला असते. ‘कापूस पिंजायला निघालात का?’ हा प्रश्न त्याला येथे विचारला जातो, आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर मंडईच्या पोटात सुरू झालेल्या भुयारी मेट्रो स्थानकात तो उतरला तर ‘पेशंट कुठे आहे?’ हा.

पुण्याहून वालुकाश्माकडे जाण्याचा रुळलेला मार्ग सोलापूर-विजापूरवरून कर्नाटकातील बदामीला जातो. अंतर साडेचारशे किलोमीटरांहून अधिक भरते. एवढ्या लांब केवळ दगडासाठी जाण्यास घरची परवानगी मिळणे अवघड असले, तरी बदामीपासून हाकेच्या अंतरावर बनशंकरीचे देवस्थान आहे आणि ती महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे, ही वस्तुस्थिती पुणेरी प्रस्तरारोहणाच्या विकासात बोल्ट, म्हणजे भोक पाडून कायमच्या बसवलेल्या पोलादी खुंट्या, आणि दोर यांच्या बरोबरीची मानावी लागते. जो मुलगा तीन वर्षे श्रावणात देवाला नारळ ठेवायला तयार नव्हता त्याला एकाएकी कुलदेवतेची ओढ लागते आणि तीही नेमकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, खडक कोरडा व थंड असण्याच्या, काळात. हा योगायोग न कळण्याइतके घरातील ज्येष्ठ भोळे नसतात. ते फक्त ओटीचे सामान क्रॅश पॅडच्या घडीत बांधून देतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्रच न्याव्या लागतात. देवीचे दुसरे नाव शाकंभरी, म्हणजे दुष्काळात आपल्या अंगातून भाज्या उपजवून लोकांना जगवणारी देवी; पौष महिन्यातल्या तिच्या नवरात्रात तिला एकशे आठ प्रकारच्या भाज्यांचा नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे. मंडईत घडलेल्या आरोहकाची वाट भाज्यांच्या देवतेच्या दारात जाऊन पोहोचावी यात दैवी संकेत शोधण्याचे कारण नाही. परंतु एकशे आठ भाज्यांच्या यादीत गवार आहे की नाही यावर परतीच्या गाडीत वाद होतो, एवढे नमूद करावे.

बदामीचा खडक तांबूस, उभा आणि देखणा आहे, आणि वयाने सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा दहापटीने तरी मोठा आहे. ज्या माणसाला आपल्याकडचे सगळेच अधिक जुने असल्याची सवय असते त्याच्यापासून ही माहिती शक्य तितका वेळ लपवली जाते. चालुक्यांनी सहाव्या शतकात येथे लेणी कोरली, त्यांपैकी तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा शिलालेख आहे, आणि छिन्नीखाली वालुकाश्म किती निमूटपणे आकार घेतो हे तेथील शिल्पे पाहून कळते. ज्या गुणामुळे शिल्पकार खूश होतो त्याच गुणाने आरोहकाने सावध व्हावे, हे मात्र मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेले नसते. संरक्षित स्मारकांना हात न लावता बाजूच्या कड्यांवर बोल्ट ठोकून मार्ग तयार करण्यात आलेले आहेत. त्यांतला ‘गणेशा’ हा मार्ग फ्रेंच श्रेणीनुसार ८बी+ आहे. हा आकडा जितका वर चढतो तितकी पकड बोटाच्या पेराकडून नखाकडे सरकते, असे सामान्य वाचकाने समजावे. पुण्याचे तुहिन सातारकर हा मार्ग चढून गेलेले आहेत. याच भिंतींवर माकडे पिले पोटाशी धरून कोणत्याही श्रेणीविना वावरतात, आरोहक दोरावर लोंबकळत असताना खाली ठेवलेल्या पिशवीतली मंडईची केळी सोलतात आणि केळे चांगले आहे की नाही हे ठरवण्यासाठी दाबून न पाहता सरळ खातात, ही गोष्ट पुणेकराला सर्वांत अधिक झोंबते.

बदामी ही पायवाट मळलेली जागा झाली. खरा शोधक तेथे फार काळ रमत नाही, कारण जेथे आपल्याआधी कोणी पोहोचलेले आहे तेथे सल्ला देण्याची संधी कमी मिळते. ज्या खडकसमूहाला भूगर्भशास्त्रज्ञ बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून कलादगी समूह म्हणतात, त्याचे वालुकाश्म व क्वार्ट्झाइट पश्चिमेकडे कोल्हापूरच्या दक्षिण भागात आणि सिंधुदुर्गात काही ठिकाणी लाव्हाच्या चादरीखालून डोके वर काढतात, ही एक ओळ नकाशाच्या तळटिपेत सापडली की मोहीम निघते. उपग्रहचित्रात झाडीच्या हिरव्या रंगात एक करडा ठिपका दिसतो. त्याला ‘सेक्टर’ असे नाव देऊन मंडळी निघतात आणि चार तास कारवीतून वाट काढत, जळवांना नियमित रक्तदान करत, गव्याच्या ताज्या शेणाकडे दुर्लक्ष केल्यासारखे दाखवत त्या ठिपक्यापाशी पोहोचतात, तेव्हा तो ठिपका पत्र्याचे छप्पर असल्याचे आढळते. मग छपराच्या मालकाकडे चौकशी होते. या भागात मोठे दगड आहेत का, असे विचारणारा माणूस क्रशरवाला, सर्व्हेवाला किंवा गुप्तधनवाला यांपैकी एक असला पाहिजे असा ग्रामस्थांचा अनुभव असल्यामुळे ते आधी प्रवर्ग ठरवू पाहतात. दगड विकत घ्यायचे नाहीत, फोडायचे नाहीत, फक्त त्यांवर चढायचे आहे, असे समजावल्यावर ‘वर काय आसा?’ असा प्रश्न येतो. वर काहीच नाही, हे उत्तर प्रामाणिकपणे दिले की ‘मगे कित्याक चढतास?’ हा पुढचा प्रश्न येतो, आणि आरोहणाच्या तत्त्वज्ञानावर जगभर झालेले सगळे लेखन येथे येऊन थांबते. सीमेपलीकडे, कानडी मुलखात, अडचण वेगळी होते: पुणेकराला येणारे एकमेव कानडी वाक्य म्हणजे ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे ‘कानडी येत नाही’, आणि सरावामुळे तो ते इतक्या सफाईने म्हणतो की समोरचा माणूस निश्चिंत होऊन सविस्तर कानडीत बोलू लागतो.

जंगलातल्या वालुकाश्माचे मराठी माणसाशी सर्वांत जुने आणि सर्वांत बेदरकार नाते मात्र पुण्याने नव्हे, विदर्भाने जोडलेले आहे. सातपुड्यातील पचमढी हा गोंडवन काळातील वालुकाश्माचा डोंगराळ, घनदाट मुलूख. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ तेथे पोहोचले आणि इंग्रजी पुस्तकांत तो ‘शोधला गेला’, जरी गोंडांना आणि महादेवाला तो आधीपासून ठाऊक होता. महाशिवरात्रीला विदर्भातले भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढतात, आणि नागपंचमीच्या सुमारास, म्हणजे पावसाळ्याच्या ऐन भरात, नागद्वारीच्या यात्रेत दऱ्या, धबधबे, लोखंडी शिड्या आणि शेवाळलेले कातळ ओलांडून गुहेतल्या देवापर्यंत जातात. ओल्या वालुकाश्मावर पाऊल टाकू नये, जड वस्तू जवळ बाळगू नये, योग्य पादत्राण घालावे आणि गर्दी टाळावी, या प्रस्तरारोहणाच्या चारही आज्ञा एकाच यात्रेत आणि त्याही भजन म्हणत मोडल्या जातात. पुण्याच्या शोधक मंडळींनी एखाद्या बिनवापराच्या दरीत ‘प्रथम आरोहण’ केल्याची नोंद वहीत करावी आणि मागून सत्तरीच्या आजीबाईंनी चप्पल हातात घेऊन ‘बाजूला व्हा बाप्पा’ म्हणत पुढे निघून जावे, हा प्रसंग पचमढीच्या बाबतीत कल्पनेवर सोडण्याची गरज भासत नाही.

ओल्या खडकाचा मुद्दा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही, आणि मंडईचे शिक्षण तोकडे पडते ते येथेच. पाणी कणांमधल्या पोकळीत शिरले की त्यांना धरून ठेवणारी चिकणमाती किंवा चुना सैल पडतो आणि कोरडा असताना माणसाचे वजन निमूट पेलणारी पकड ओली असताना हातात निघून येते; ती निघाल्यावर माणूस खाली येतो हा तात्पुरता तोटा, पण तो मार्ग कायमचा बदलतो हा खडकाचा तोटा. त्यातही फसगत अशी, की अनेक ठिकाणी वालुकाश्माच्या पृष्ठभागावर खनिजे साचून एक कठीण कवच तयार झालेले असते आणि ऊन लागले की ते कवच दोन तासांत खडखडीत कोरडे होते, आतला गाभा मात्र एकदोन दिवस, कधी त्याहून अधिक काळ, दमट राहतो. म्हणजे वर टिचकी मारली की भरीव, विश्वासार्ह, सुरेल आवाज येतो आणि आत चिखल असतो. कलिंगडाच्या बाबतीत अशी शंका आली तर विक्रेत्याला त्रिकोणी फोड कापून दाखवायला सांगता येते; येथे फोड काढली तर कवचच जाते आणि खालचा मऊ खडक पावसावाऱ्याला मोकळा होतो, म्हणूनच शेवाळ काढतानासुद्धा तारेचा ब्रश वर्ज्य मानून दात घासायच्या ब्रशाने, आणि तोही स्वतःचा असल्यासारख्या हलक्या हाताने, काम भागवावे लागते. यावर जाणकारांनी काढलेला उपाय असा आहे की खडकाची परीक्षा खडकावर करूच नये. त्याच्या पायथ्याशी चार-सहा इंच माती उकरावी. ती दमट लागली तर खडकही दमट आहे असे धरून चालावे आणि परत फिरावे. ज्याच्याविषयी मत बनवायचे त्याला हातही न लावता त्याच्या बुडाशी काय मुरते आहे हे पाहून निर्णय घेण्याची ही रीत पुणेकराला मुळीच अपरिचित नाही. सोयरीक जमवताना ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. ती दगडालाही लागू पडते एवढेच त्याला नव्याने कळते, आणि ते कळल्यावर तो इतक्या उत्साहाने माती उकरू लागतो की ग्रामस्थांचा गुप्तधनाविषयीचा संशय पक्का होतो.

अखेर एखादे वर्षी सगळे जुळून येते. माती कोरडी निघते, शिळा भक्कम असते, तिच्यावर पूर्वी कोणी पावडरीचा ठसा ठेवलेला नसतो आणि शोधक पथकातला सर्वांत हलका सभासद चार चालींत ती चढून जातो, तेव्हा नामकरणाचा प्रश्न उभा राहतो. प्रथम चढणाऱ्याचा हक्क सर्वमान्य असला तरी पथक पुण्याचे असल्यामुळे ज्याने ही शिळा निरुपयोगी असल्याचे सकाळपासून सांगितले होते त्याचाही दावा तितकाच सबळ ठरतो. ऐतिहासिक, पौराणिक, विनोदी आणि कुलदेवतेचे अशी चार नावे सुचतात, प्रत्येकावर हरकत घेतली जाते आणि ओटीच्या सामानातल्या खोबऱ्याचे वाटप होईपर्यंत चर्चा चालू राहते. शेळ्या घेऊन आलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा तोवर मागच्या बाजूने, अनवाणी आणि हातात काठी तशीच ठेवून, शिळेवर जाऊन बसलेला असतो. या दगडाला नाव आहे का, असे त्याला कोणीतरी खाणाखुणांनी विचारते. नाव आहे, ते आजोबांनी ठेवले आहे, दगडही आजोबांचाच आहे आणि वरच्या सपाटीवर उद्यापासून मिरच्या वाळत घालायच्या असल्यामुळे ती पांढरी पावडर आधी पुसून द्यावी, असे तो सांगतो.